त्र्याण्णव टक्के

माझा अंगठा मोबाईल ओळखत नाही.
कॉस्टिक सोड्यानं रेघा खाल्ल्यात.
रेशनच्या दुकानातही तीनदा पुसून दाबतो,
मग पोरगा कंटाळून म्हणतो, जाऊ दे मामा, ओटीपी सांगा.
पण भैरवीच्या फोनातल्या त्या समुद्राला
ठसा लागत नाही. नुसता दाब पुरतो.

रात्री साडेअकराला वडगावातले माग
एकेक करून गप्प होतात.
शेवटचा हंचिनमनींचा, तो खोकत खोकत थांबतो.
मग मी पायरीवर बसतो
आणि पिवळ्या कपड्यातली एक बुटकी बाई होऊन
पाण्यात उतरतो.

तिच्या पाठीवर टाकी, हातात नळी.
अंगठा दाबून धरायचा :
बाटल्या, बुचं, जाळ्याची लक्तरं, एका पायाची चप्पल
सुर्रकन आत.
वर कोपऱ्यात आकडा चढतो.
घाई नाही. श्वास संपत नाही.
चुकलं तर कुणी आईवरनं बोलत नाही.
एका खेकड्याला डब्यातनं सोडवला
तर त्यानं मला कंदील दिला. कशाला, ते कळलं नाही, घेतला.

सुरुवातीला भाषा निवडायची होती.
बावीस होत्या. आमच्या दोन्ही नव्हत्या.
इराप्पा रंगाची बादली ठेवून पोट धरून हसला :
बग, हितं भांडणच मिटलं की!

खरा समुद्र मी एकदाच बघितलाय,
मेव्हण्याच्या लग्नाला, चोर्ला घाट उतरून,
चपला हातात घेऊन.
लांब नाही तो. सकाळी निघालं तर
दुपारच्या जेवणाला मासा.
पण आमचं पाणी त्याच्याकडं पाठ करून जातं.
बळ्ळारी नाल्यातनं मार्कंडेयेत, तिथनं घटप्रभेत,
मग कृष्णाबाई नेईल तिथं,
उगवतीच्या कुठल्यातरी समुद्रात
जो माझ्या ओळखीचा नाही.
त्याला मात्र मी ठाऊक असणार.
सोमवारी राणी, मंगळवारी मोरपंखी,
लग्नसराईत नुसता हळदी.
हौदाचं बूच मीच काढतो ना.

त्र्याण्णव टक्क्यांवर आकडा अडला.
चार रात्री शोधलं.
खडकाच्या मागं, पोवळ्यांच्या पलीकडं
एक पाईप निघाला,
काळं काहीतरी सोडत, शांतपणे,
दिवाळीतल्या नागगोळीसारखं.
ते नळीनं ओढलं जात नाही.
शेजारी एक चाक आहे, ते फिरवायचं.
झालं. तेवढंच.

मी अंगठा उचलला.
पाईपच्या त्या टोकाला कोण असेल, मी विचारलं.
भैरवी सायन्सचं पुस्तक न मिटता म्हणाली,
कुणी नसतं आप्पा. चित्र तिथंच संपतं.

असेल.
पण मला तो दिसला :
गुडघ्यापर्यंत बूट, त्यातला एक फाटका,
शेठनं सांगितलंय उजाडायच्या आत सोड,
आणि चाक फिरलं तर
पाणी उलटं त्याच्याच अंगावर येणार.
मी फोन पालथा ठेवला.

सकाळी बूच काढलं. बुधवार होता, जांभळा.
पुलावर सायकल थांबवून बघत राहिलो.
खाली कुणीतरी रताळी धूत होतं.
बगळा उभा होता नेहमीच्या जागी,
पाय आज जांभळे,
वर मांडीला कालचा मोरपंखी अजून.
माझा अंगठा खिशात
कशावर तरी दाबून धरलेला होता.
सुट्टे पैसे असतील.

संध्याकाळी फोन उघडून भैरवीनं पुढं धरला.
शंभर.
मासेच मासे. पिवळ्या बाईला हलायला जागा नाही.
कंदील लागलाय, कासव गोल गोल फिरतंय.
मी फिरवलं चाक, ती म्हणाली.
राग आला काय?

मी मोरीत जाऊन हात धुतले.
खूप वेळ धुतले.
नखाच्या कडेचा राणी
सोमवारचा आहे, का त्याच्या आधीच्या,
ते आता सांगता येत नाही.